साष्टीचे कागद: दप्तरांची मांडणी, वर्णन व जतन

दप्तर आणि कागद हे दोन शब्द आपण अलीकडे एकाच अर्थानें वापरूं लागलों आहों, आणि आपल्या संशोधनांतील पुष्कळ घोटाळ्यांचें मूळ या एका ढिलाईंत आहे असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. कागद म्हणजे एक पत्र, एक सनद, एक खत, एक हिशेब. दप्तर म्हणजे एखाद्या कचेरीनें, वतनदारानें, सावकारानें किंवा देवस्थानानें आपलें काम चालवितांना ज्या क्रमानें असे कागद केले, घेतले, बांधले व ठेवले, त्या सर्वांचा समुच्चय. कागद वाचतां येतो. दप्तर ओळखावें लागतें. एक कागद हरवला तर एक पुरावा गेला. दप्तर मोडलें म्हणजे त्यांतील उरलेल्या प्रत्येक कागदाची साक्ष लंगडी होते. ज्यांच्या संग्रहीं जुने कागद व पोथ्या आहेत अशा वाचकांस हें विधान कदाचित् अतिशयोक्तीचें वाटेल. म्हणून साष्टी प्रांताचें उदाहरण घेऊन तें तपासून पाहूं.

प्रस्तुत लेखक राहतो तें विलेपार्लें आज मुंबईचें उपनगर म्हणून ओळखलें जात असलें, तरी जुन्या कागदांच्या हिशेबानें तें साष्टी बेटांतलें एक खेडें. १५३४ च्या तहानें साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल आला. १७३७ च्या मोहिमेंत ठाणें व साष्टी मराठ्यांनीं घेतली, आणि १७३९ च्या मे महिन्यांत वसई पडल्यावर तो अंमल पक्का झाला. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला व १७८२ च्या सालबाईच्या तहानें बेट त्यांच्याकडे कायम राहिलें. अडीचशे वर्षांत तीन सरकारें झालीं, आणि प्रत्येक सरकार आपले कागद आपल्या राजधानींत घेऊन गेलें. यामुळें या भागांतील एखाद्या गांवाची जमीन, वसूल, देवालय किंवा चर्च यांचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास प्रथम गोव्यास, मग पुण्यास आणि शेवटीं मुंबईच्या कोटांत जावें लागतें. गांवांत त्याला फारसें कांहीं मिळत नाहीं. या तिन्ही ठिकाणीं कागद मुबलक आहेत. शोधणाऱ्याच्या हाताला ते लागतात कीं नाहीं, हें मात्र ते कसे ठेवले गेले व त्यांचें वर्णन कोणीं कसें केलें यावर अवलंबून राहतें.

गोव्याचें दप्तर यांत सर्वांत जुनें. १५९५ सालीं तेथें दप्तरखाना स्थापन झाला आणि इतिहासकार दियोगु दु कोउतु हा त्याचा पहिला रक्षक. पोर्तुगीज कारभारांत महत्त्वाचा कागद बहुधा सुटा राहत नसे. तो बाडांत शिवला जाई. लिस्बनशीं होणारा पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यावर जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांबरोबर चाले, म्हणून त्या पत्रांच्या बाडांना मोसमांचीं बाडें असेंच नांव पडलें. कागद कोणत्या मार्गानें व कोणत्या ऋतूंत गेला-आला हें त्या नांवावरूनच समजतें. पुढें यांपैकीं कांहीं बाडें लिस्बनला नेण्यांत आलीं; तथापि शिवण शाबूत असल्यामुळें तेथील कोणतें बाड येथील कोणत्या बाडाच्या मागेंपुढें बसतें हें सांगतां येतें. या दप्तराशीं मराठी अभ्यासकांची ओळख करून देणारे डॉ. पांडुरंग पिसुर्लेंकर यांचें मराठे व पोर्तुगीज यांच्या संबंधांवरील लेखन सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९५५ सालीं त्यांनीं पोर्तुगीज भाषेंत गोव्याच्या दप्तरांची जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो. दप्तरखान्यांत काय आहे व तें कोठें पाहावें हें सांगणारा ग्रंथ लिहिण्यांत मान थोडा व मेहनत फार. त्यांतून कोणतीही नवी लढाई सांपडत नाहीं. पुढच्या शंभर अभ्यासकांना मात्र आपापली लढाई सांपडते.

पुण्याच्या दप्तराची हकीकत अधिक गुंतागुंतीची व आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. पेशव्यांच्या हुजूर दप्तराचे चालतें दप्तर व एकबेरीज दप्तर असे दोन मोठे भाग होते. चालत्या दप्तरांत नित्याचा कारभार, आणि एकबेरजेंत ठिकठिकाणच्या हिशेबांचें संकलन. फडांतील कारकुनास कागद कोठें ठेवावा याचा विचार करीत बसावें लागत नसे. तो ज्या कामाचा, त्या कामाच्या रुमालांत त्याची जागा ठरलेली. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळीं ही शिस्त बिघडली, आणि १८१८ नंतर तें सर्व दप्तर इंग्रजांच्या ताब्यांत आलें. त्यांनीं त्याची लावालाव केली ती मुलुखाचा वसूल समजून घेण्यासाठीं. पुढें १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि त्याच दप्तराचा उपयोग इनामदारांचे हक्क तपासण्याकडे होऊं लागला. कचेरीस एलिएनेशन ऑफिस हें नांव मिळालें, तें सरकारसाऱ्यांतून सुटलेल्या जमिनींवरून. ज्या दप्तरावरून एकेकाळीं अटकेपर्यंतच्या फौजांचा खर्च चालला, त्याची इंग्रजी अमदानींतील किंमत अमक्या ब्राह्मणाची चार बिघे इनाम जमीन खरी कीं खोटी, एवढ्यापुरतीच उरली!

याचा परिणाम असा कीं, आज तीस हजारांहून अधिक रुमालांच्या त्या दप्तरांत दोन मांडण्या एकमेकींवर बसलेल्या दिसतात. शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, चिटणिशी, पागा, प्रांत अजमास या नांवांत जुनी कचेरी अजून जागी आहे. जमाव या नांवाखालीं मात्र निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केलेले कागद आहेत. तेथें मागल्या कारभाऱ्याचा हात दिसत नाहीं, गोळा करणाऱ्याचा दिसतो. साष्टीच्या अभ्यासकाला हा भेद पाठ असावा लागतो. रोजकीर्दींतील नोंद ही कचेरीनें त्या दिवशीं केलेली नोंद आहे. जमावांतील कागद कोणाच्या घरून आला हें कळेपर्यंत त्याच्यावर किती भार टाकावा हें ठरत नाहीं.

सरकारनें हें दप्तर अभ्यासकांस दीर्घकाळ मोकळेपणीं दाखविलें नाहीं, म्हणून त्यांतील निवडक भाग छापून घेण्याकडे आपल्या विद्वानांचें लक्ष गेलें. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं पेशव्यांच्या रोजकीर्दींवर निबंध वाचला, आणि रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनीं काढलेले उतारे पुढें अनेक भागांत प्रसिद्ध झाले. त्यानंतर रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पांच वर्षांत पंचेचाळीस खंड काढले. सर यदुनाथ सरकार यांचा त्यांस पाठिंबा होता. हें काम कोणाही एका माणसाच्या शक्तीबाहेरचें होतें व तें त्यांनीं केलें, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. सोळावा खंड वसईच्या मोहिमेचा. साष्टीचा अभ्यासक प्रथम तोच उघडतो व त्याला तेथें पुष्कळ मिळतें. परंतु खंड विषयवार आहेत. पत्र विषयाच्या कप्प्यांत गेलें म्हणजे मूळ रुमालांत तें कोणाच्या शेजारीं होतें, त्याच्या वर कोणता हिशेब व खालीं कोणती पावती होती, हें खंडाच्या रचनेवरून कळण्याचा मार्ग राहत नाहीं. निवड ही निवडणाऱ्याच्या प्रश्नांचें उत्तर देते. त्यांना लढाया व राजकारण हवें होतें. आज कोणी भाताच्या भावाचा किंवा मिठागरांचा प्रश्न घेऊन आला तर त्याला पुन्हां रुमालाकडेच जावें लागणार.

शेजार गेल्यानें काय जातें याचें एक लहान गणित वाचकांपुढें मांडतों. पुष्कळ मोडी पत्रांवर चांद्र महिना व त्याची तारीख असते, वर्ष नसतें. समजा, ठाण्याच्या कोठीतील भात दुसरीकडे हलवावें अशा ताकिदीचा एक कागद आहे आणि त्यावर 'छ ९ जिल्काद' एवढेंच आहे. आतां हिजरी ११८७ तील जिल्काद पडतो तो जानेवारी १७७४ मध्यें. तेव्हां ठाण्यांत मराठ्यांचें ठाणें होतें आणि ही ताकीद नित्याच्या व्यवस्थेची ठरते. हिजरी ११८८ तील जिल्काद पडतो तो जानेवारी १७७५ मध्यें; तेव्हां किल्ला इंग्रजांच्या हातीं जाऊन थोडेच दिवस लोटले होते, आणि मग त्याच ओळींचा अर्थ अगदीं निराळा, किंबहुना तो कागद खोटा कीं खरा, कीं ठाण्याबाहेर बसून कोणी आशेवर लिहिला, असे प्रश्न उभे राहतात. अक्षर तेंच, शाई तीच, मजकूर तोच. निकाल कशानें लागावा? तर त्याच बांधणींत वर किंवा खालीं 'सन अर्बा सबैन मया व अलफ' अशी शुहूर सनाची एखादी पावती असेल तर तिनें. तो सन १७७३–७४ चा. कागदाच्या पाठीवर पैवस्तीचा शेरा असेल तर त्यानें. आणि हा शेरा नक्कलकारानें मजकुराचा भाग नव्हे म्हणून गाळला असेल, आणि कागद रुमालांतून काढून 'ठाणें' या विषयाच्या पाकिटांत घातला असेल, तर कितीही विद्वान् माणसाला पुढें जातां येणार नाहीं.

मुंबईच्या दप्तराविषयीं थोडक्यांत सांगतों. १८२१ सालीं येथें दप्तरखाना निघाला. इंग्रजी कागद खात्याखात्यांच्या वह्यांत, सालवार, बहुधा स्वतःच्या सूचीसह राहिले, म्हणून १७७४ नंतरची साष्टी शोधणें तुलनेनें सोपें. जॉर्ज फॉरेस्ट यांनीं १८८५ सालीं त्यांतून मराठ्यांसंबंधींचे निवडक कागद छापले. तीही निवडच, परंतु मूळ वह्या फोडल्या गेल्या नाहींत, त्यामुळें फॉरेस्ट यांची निवड कोणासही मुळाशीं ताडून पाहतां येते.

१८९८ हें साल या विषयांत लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं हॉलंडांत म्यूलर, फाइत व फ्रुइन या तीन दप्तरदारांनीं दप्तरांच्या मांडणीवर व वर्णनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एका कचेरीचें दप्तर दुसऱ्याशीं मिसळूं नये व त्याचा मूळ क्रम मोडूं नये, हा त्याचा गाभा. यांतील पहिला नियम फ्रान्सांत १८४१ पासून सरकारी आज्ञेनेंच चालू झाला होता. आणि त्याच १८९८ सालीं आपल्याकडे राजवाडे यांच्या साधनांचा पहिला खंड निघाला. तिकडे दप्तरें सरकारच्या कोठींत सुरक्षित होतीं व प्रश्न मांडणीचा होता; इकडे कागद वाड्यांच्या माळ्यांवर उंदीर खात होते व प्रश्न ते वांचविण्याचा होता. राजवाडे गांवोगांव पायीं हिंडले, मिळेल तें घेतलें, नकलून घेतलें, छापलें. त्यांच्या बावीस खंडांवर आपला सर्व इतिहास उभा आहे. घर जळत असतां कोणी भांडीं रांगेनें बाहेर काढीत नाहीं. मात्र पुढील पिढ्यांनीं आग विझल्यावरही तीच रीत चालू ठेवली, आणि 'संग्रह' या शब्दाला एक प्रकारचें पावित्र्य येऊन एका घरचें दप्तर दहा संग्रहांत वांटलें गेलें, याला राजवाड्यांचें उदाहरण पुढें करणें योग्य नव्हे. सरदार घराण्यांच्या व वाड्यांच्या दप्तरांचा प्रवास पाहिला तर हें कळून येतें. सातारच्या ऐतिहासिक संग्रहालयांतील पारसनीसांचा संग्रह, ज्यांत नाना फडणिसांच्या मेणवलीच्या दप्तराचाही भाग होता, १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. मेणवली, सातारा, पुणें: एवढ्या मुक्कामांत कागद वांचले ही भाग्याची गोष्ट, पण मुक्कामागणिक मूळ बांधणीची खूण थोडी थोडी पुसट होत जाते.

याच्या उलट उदाहरण वासुदेवशास्त्री खरे यांचें. मिरजेस संस्कृत शिकविणाऱ्या या शिक्षकानें (आमच्या पेशाचा अभिमान वाचकांनीं क्षम्य मानावा) १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रह काढला तो मुख्यतः पटवर्धनांच्या एका दप्तरावरून, कालक्रमानें, पत्रांचे दुवे आपल्या शब्दांत जुळवीत. कोण कोणास व कां लिहितो आहे हें वाचकाला सतत कळत राहतें, कारण सर्व पत्रें एकाच घरीं आलेलीं आहेत. पांच-सहा हजार पानांचा हा व्याप एका माध्यमिक शिक्षकानें शाळा सांभाळून हांकला असें म्हटलें म्हणजे लोक त्यांच्या चिकाटीची वाखाणणी करितात. प्रस्तुत लेखकास त्यांच्या चिकाटीहून त्यांचा संयम मोठा वाटतो. दुसरीं शंभर दप्तरें मोहांत पाडीत असतां ते एका दप्तरापाशीं बसून राहिले.

आतां पोथ्यांकडे वळतों. आम्हां संस्कृतवाल्यांना येथें थोडें बरें वळण लागलें होतें. मुंबई सरकारनें गेल्याच्या मागील शतकांत संस्कृत हस्तलिखितें मिळविण्याचें काम बूलर, कीलहॉर्न, भांडारकर आदि पंडितांकडून करविलें. त्या पोथ्या प्रथम डेक्कन कॉलेजांत होत्या व १९१८ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आल्या. त्यांच्या अंकांची पद्धति पाहा: अमुक अंक, १८७५–७६ चा; अमुक अंक, १८८०–८१ चा. नवख्याला हें अवघड वाटतें. विषयवार सलग अंक कां दिले नाहींत, असें तो विचारतो. परंतु या अंकांतच पोथीचें कुल सांगितलेलें आहे. १८७५–७६ म्हटलें कीं जाणत्याच्या ध्यानांत बूलर यांचा काश्मीरचा दौरा येतो. पुढें डॉ. सुखटणकर महाभारताच्या आदिपर्वाची संशोधित आवृत्ति सिद्ध करूं लागले तेव्हां त्यांनीं ज्या भूर्जपत्रावरील शारदा पोथीला अग्रस्थान दिलें ती याच संग्रहांतली. पाठभेदांचीं कुळें लावतांना पोथी कोणत्या प्रदेशांतून आली हें ठाऊक असणें किती मोलाचें असतें, हें १९३३ सालीं पुऱ्या झालेल्या आदिपर्वाच्या उपोद्घातांत वाचावें. मुंबईंत प्रा. हरि दामोदर वेलणकर यांनीं १९२५ ते १९३० या काळांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेंतील संस्कृत–प्राकृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची केली, तीही अशीच अभ्यासूनें जवळ ठेवावी अशी.

पोथीला निदान पुष्पिका असते. लेखकाचें नांव, शक, गांव, कोणासाठीं लिहिली, हें ती पोथी आपल्या तोंडानें सांगते. तरीही मूळ पोथी हातची गेली म्हणजे काय होतें याचें उदाहरण आपल्या भाषेच्या सर्वांत मोठ्या ग्रंथाचेंच आहे. राजवाडे यांस पाटांगण येथें ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें केलेल्या शुद्धीकरणापूर्वींचा पाठ तींत आहे असें त्यांचें म्हणणें. १९०९ सालीं त्यांनीं ती छापली आणि तिच्या भाषेवर ज्ञानेश्वरीचें व्याकरण रचलें. ती पोथी आज अभ्यासकाला पाहावयास मिळत नाहीं. छापील प्रत आहे, व्याकरण आहे, त्यावरचे वाद आहेत. परंतु कागद कोणता, अक्षराचें वळण कोणत्या काळचें, कोठें हरताळ लावून अक्षर बदललें आहे, हें कोणासही तपासतां येत नाहीं. ज्या पुष्पिकेवर सर्व इमारत, ती आपण आतां फक्त खिळ्यांच्या टायपांत वाचतों. छापलें म्हणजे जतन झालें, हा समज यापुढें तरी सुटावा.

जतनासंबंधीं आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. आपल्या देशी कागदावरील काजळाची शाई पाण्यानें फुटते, पण कागदाला खात नाहीं. गोव्याकडील बाडांतील मायफळ व हिराकस यांची शाई कालांतरानें कागद जाळते व अक्षराच्या जागीं भोंक उरतें. म्हणून एकाला ओलीपासून जपावें, दुसऱ्याला घडी घालण्यापासून. पार्ल्यासारख्या समुद्राजवळच्या गांवीं मोठा शत्रु वाळवीपेक्षांही दमट हवा. लोखंडी कपाट भिंतीला लावून बंद ठेवलें कीं पावसाळ्यांत आंत घाम धरतो. कपाट भिंतीपासून वीतभर दूर असावें, रुमाल जमिनीपासून उंच असावे, आणि कापड धुतलेलें, बिनरंगाचें सुती असावें. नव्या तांबड्या कापडाचा रंग ओलीनें कागदावर उतरतो. वेखंडाची पुरचुंडी उपयोगी आहे. डांबरगोळ्या कागदावर थेट टाकूं नयेत. पुस्तकबांधणीवाले खळींत मोरचूद घालतात, त्यानें कसर दूर राहते पण कागदासही बाधते. फाटक्या जागीं जपानी पातळ कागद व गव्हाच्या सत्त्वाची साधी खळ वापरावी, कारण ती पाण्यानें पुन्हां सोडवितां येते. सोडवितां न येणारा कोणताही उपाय जुन्या कागदाला करूं नये. चिकटपट्टी व प्लास्टिकचें लॅमिनेशन हे या दृष्टीनें वर्ज्य. गेल्या शतकाच्या मध्यास मोठमोठ्या दप्तरखान्यांतूनही प्लास्टिकचीं अस्तरें चढविण्यांत आलीं व पुढें ती पद्धति सोडून द्यावी लागली. आपल्या पूर्वजांची रीत साधी होती: पावसाळा सरल्यावर दसऱ्याच्या सरस्वतीपूजनाला पोथ्या बाहेर काढावयाच्या, आणि जैन भांडारांत कार्तिकांतील ज्ञानपंचमीला. त्या दिवशीं सावलींत वारा द्यावा. उन्हांत घालूं नये. पोथीच्या अखेरीस लेखक तेल, पाणी, सैल बांधणी व मूर्खाचा हात यांपासून रक्षण मागतो, त्यांत सैल बांधणीचा उल्लेख केवळ वृत्त भरण्यासाठीं नाहीं.

हल्लीं प्रत्येकाच्या हातीं मोबाइल आहे व त्यानें कागदाची छबी घेणें क्षणाचें काम. तें अवश्य करावें. वारंवार हाताळणी त्यानें वांचते. परंतु हजार छब्या काढल्या आणि त्यांना यंत्रानें दिलेले अंक तसेच राहिले, तर तो मोडलेल्या दप्तराचाच नवा अवतार होय. रुमालाचा अंक व आंतील क्रम छबीच्या नांवांतच असावा, आणि कागदाची पाठ कोरी दिसली तरी तिचीही छबी घ्यावी. पैवस्तीचा शेरा पाठीवरच असतो, आणि कधीं कधीं तो एका कोपऱ्यांत दोन अक्षरांचा असतो.

पार्ल्यांत १९२१ सालीं टिळक विद्यालय व १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघ निघाला, त्या सुमारास कोंकणांतून व देशावरून आलेलीं पुष्कळ घराणीं येथें स्थिरावलीं. देवघराबरोबर त्यांच्या पेट्याही आल्या. आतां ते बंगले पाडून उंच इमारती होत आहेत. माळे रिकामे होतात आणि माळ्यावरचें सामान ठरविलेल्या दिवशीं हलवावें लागतें. नव्या घरांना माळे नसतात. त्या गडबडींत कागद दोन वाटांनीं जातात. एक रद्दीची. दुसरी, व माझ्या मतें अधिक घातक, शौकीन खरेदीदाराची: तो शिक्क्याचे कागद निवडतो, मुद्रांक व टपालाचीं तिकिटें कापून घेतो, एखादी सचित्र पोथी पानापानानें विकतो आणि बाकीचें टाकून देतो. रद्दीवाल्याकडे गेलेलें दप्तर निदान एखादेवेळीं संबंध सांपडतें.

गेल्या वर्षीं अशाच एका बंगल्यांतील पत्र्याची पेटी तेथील गृहस्थांनीं प्रस्तुत लेखकास पाहावयास दिली. पांच रुमाल, एक सुटा गठ्ठा, मिळून चारशेंच्या आसपास कागद. राजकारणाचें कांहीं नाहीं. खोतीचे हिशेब, कर्जखतें, लग्नाच्या याद्या, कुंडल्या, औषधांच्या चिठ्ठ्या, मुंबईहून गांवीं लिहिलेलीं पत्रें. यादी करतांना जी पद्धत ठेवली ती अन्य संग्राहकांच्या उपयोगीं पडेल म्हणून देतों. गांठ सोडण्यापूर्वीं प्रत्येक रुमालाची छबी घेतली व बाहेरील चिठ्ठीवरचा मजकूर अशुद्धासह जसाच्या तसा उतरविला. मग वरून खालीं, ज्या क्रमानें कागद निघाले त्या क्रमानें, पाठीच्या कोपऱ्यांत मऊ पेन्सिलीनें 'रु. ३–१७' असा अंक घातला. यादींत प्रत्येक कागदास प्रकार, कोणाकडून कोणास, तिथि जशी लिहिली आहे तशी व तिच्याखालीं निराळ्या ओळींत आपण बसविलेली, लिपि, लांबी-रुंदी, पाठीवरचे शेरे व स्थिति, इतके रकाने ठेवले. जें वाचतां आलें नाहीं तेथें जागा कोरी ठेवली. अंदाजानें भरली नाहीं. विषयवार सूची हवी होती ती शेवटीं वेगळ्या वहींत अंकांवरून केली. त्यासाठीं एकही कागद जागचा हलविला नाहीं.

या पद्धतीचें फळ तिसऱ्या रुमालांत मिळालें. त्यांत कर्जखतांच्या मध्येंच एका जुन्या पोथीचीं चार पानें होतीं. 'पुराणाचीं सुटीं पानें' म्हणून तीं पोथ्यांत टाकण्याचा मोह सहज झाला असता. पण ज्या दोन खतांच्या मध्यें तीं होतीं, त्यांवरील घडीच्या खुणा पानांवरील घडीशीं जुळल्या; तीं पानें त्या खतांचें वेष्टन होतीं. म्हणजे त्या घरांत ती पोथी त्या खतांच्या शकापूर्वींच मोडली होती, आणि उरलेली पोथी शोधावयाची तर त्या शकापूर्वींच्या वाटणीपत्रांत. तीं वाटणीपत्रें पांचव्या रुमालांत निघालीं. त्यांत एका भावाच्या वांट्यास आलेल्या पोथ्यांची यादी असून तिच्यांत अपूर्ण म्हणून नोंदलेली एक पोथी आहे. ती शाखा देशावर राहते असें गृहस्थांनीं सांगितलें.

यादीच्या दोन प्रती केल्या आहेत. एक पेटींतच ठेवली असून दुसरी मंडळाकडे दिली आहे. रु. ३ मधील १९ ते २३ या पांच पत्रांचें वर्ष अद्याप बसलेलें नाहीं. त्यांवर चांद्र तारखा आहेत, शुहूर सन नाहीं, आणि शेजारचे दोन कागद कसरीनें खाल्ले आहेत. तारखांच्या छब्या मंडळांत पाहावयास ठेवल्या आहेत.